अर्धं सूत

सुतारकामात ‘सूत’ हे माप असतं, हे कळायला मला घर बांधावं लागलं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. “साहेब, दोन सुताचा फरक पडंल,” असं आमचा सुतार म्हणाला, तेव्हा मी शर्टाच्या बटणाचा दोरा डोळ्यांपुढे आणला आणि “पडू दे की,” म्हणालो. त्या दोन सुतांपायी आमच्या कपाटाचं डावं दार गेली बावीस वर्षं पावसाळ्याचे चार महिने लागत नाही. त्यामुळे माझ्या नव्या कोऱ्या बास गिटारच्या तारा पिकअपच्या मधोमध न जाता अर्ध्या सुताने बाजूला चालल्या आहेत, असं यंदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मी ‘पडू दे’ म्हणालो नाही. म्हणालो असतो तर दीड महिना वाचला असता.

बास गिटार मी निवृत्तीनंतर घेतली. का घेतली, याचा खुलासा मला सांगलीत बऱ्याच जणांकडे करावा लागला. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने काय करायचं हे आमच्याकडे ठरलेलं आहे. पहाटे कृष्णाकाठी फेरी, येताना गणपतीचं दर्शन, सोसायटीचं खजिनदारपद आणि संध्याकाळी गुडघेदुखीवर चर्चासत्र. त्यात चार तारांच्या, चार किलोच्या, विजेवर चालणाऱ्या वाद्याला जागा नाही. पण तरुणपणी रेडिओवर हिंदी गाणी ऐकताना मला एक कोडं पडायचं. गळा गायिकेचा, चाल संगीतकाराची, शब्द कवीचे; मग माझा पाय कोणाच्या हुकमावरून हलतोय? पाय हलवणारा माणूस वेगळाच असतो आणि तो मागे उभा असतो, हे फार उशिरा कळलं. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास वाजवायचे. गाणं गुणगुणणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना हे नाव माहीत नसतं, पण पाय शंभरांचे हलतात. मी सदतीस वर्षं बँकेच्या मागच्या खोलीत बसून लेजरं जुळवली. मला हे वाद्य आपल्या जातकुळीतलं वाटलं.

खोकं आलं त्या दिवशी आमचे शेजारी, पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर, मुद्दाम बघायला आले. त्यांनी हाताची घडी घालून वाद्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि पोटावरच्या काळ्या पेट्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “हे वाकडं बसलंय. परत पाठवा.”

ते वाकडं नव्हतं. म्हणजे होतं, पण त्यांनी दाखवलं ते नव्हतं. या जातीच्या बासवर पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारी ती काळी पेटी, दोन तुकड्यांत असतो. जाड तारांचा तुकडा मानेच्या बाजूला, बारीक तारांचा तुकडा तारा अडकवलेल्या ब्रिजच्या बाजूला, जणू एकाच बाकावर बसलेल्या दोन भांडखोर मुलांना मास्तरांनी पुढेमागे सरकवलंय. १९५७ सालापासून ते तसंच आहे आणि जाणूनबुजून तसं आहे. एका तुकड्यातली चुंबकं आणि तारेचे वेढे दुसऱ्याच्या उलट ठेवले की बाहेरून येणारी विजेची गुणगुण दोघांत वजाबाकी होऊन मरते. हे मी ओव्हरसियरांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे हो. पण वाकडं आहे.”

हे वाद्य काढलं लिओ फेंडर या गृहस्थांनी. १९५१ साली, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी. तोवर बास म्हणजे माणसाहून उंच, कपाटाएवढं उभं वाद्य. रिक्षात घालता येत नाही, आणि त्यावर सूर कुठे आहे हे सांगायला पडदे नाहीत, बोट अंदाजाने ठेवायचं. फेंडरसाहेबांनी ते आडवं केलं, मानेवर पडदे ठोकले आणि आता सूर अचूक लागणार म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन बास. मला या माणसाबद्दल जी आपुलकी वाटते तिची कारणं मात्र वेगळी आहेत. एक, ते शिकले होते हिशेबनीस व्हायला. काही वर्षं त्यांनी हिशेब लिहिलेही, आणि मग १९३८ मध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. दोन, त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. ज्यांच्या गिटारी जगाने वाजवल्या त्या माणसाला साधा एक कॉर्ड धरता येत नव्हता, हे वाचून मला जो धीर आला तो कुठल्याही शिकवणीने आला नाही. आणि तीन, लहानपणीच त्यांचा एक डोळा गेला होता. हे तिसरं मला दीड महिना सारखं आठवत राहिलं, कारण त्या दीड महिन्यात मी माझा डावा डोळा जवळजवळ वापरलाच नाही.

झालं असं. चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मी बास मांडीवर घेऊन बसलो होतो. पिकअपच्या तोंडावर चुंबकाचे चकचकीत गोल खिळे दिसतात, दर तारेला दोन. तार त्या दोघांच्या मधून जायची असते, नांगरणीच्या बैलजोडीमधून नांगराची दांडी जाते तशी. माझ्या तारा मधून जात नव्हत्या. चारही तारा बारीक तारेच्या अंगाला झुकल्या होत्या. दोन बैलांपैकी एकाच्याच पाठीवर ओझं. मी एक डोळा मिटला. उघडला. दुसरा मिटला. पट्टी आणली. सव्वा मिलिमीटर. अर्ध्या सुताला थोडं कमीच.

तोवर मला त्या वाद्याचा आवाज फार आवडत होता. त्या क्षणापासून तो एका बाजूने यायला लागला.

इथे बँकेचं थोडं सांगायला हवं. पूर्वी संगणक नव्हते तेव्हा दिवसाची बेरीज हाताने जुळवायची, आणि एक रुपयाचा फरक आला तरी कोणी घरी जायचं नाही. नवीन लागलेली पोरं खिशातून रुपया काढायची. “घ्या साहेब, माझ्याकडून.” त्यांना वाटायचं, एक रुपयाचा फरक म्हणजे एक रुपयाची चूक. तसं नसतं. त्या एका रुपयाच्या पोटात दहा हजार एकची एक चूक आणि उलट्या अंगाची दहा हजारांची दुसरी चूक गळ्यात गळे घालून झोपलेल्या असू शकतात. फरकाला नऊने भाग गेला तर कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत, चोपन्नचे पंचेचाळीस केलेत, असं समजायचं आणि त्या वाटेने शोधायचं. अशी सदतीस वर्षं काढलेल्या माणसापुढे सव्वा मिलिमीटर आला, तर तो वाजवत बसेल का?

आता मुळात या अर्ध्या सुताने काय बिघडतं, तर फार काही नाही. पिकअप म्हणजे चुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्वच इथे चार तारांच्या खाली नोकरीला आहे. पिकअप आवाज ऐकत नाही, त्याला फक्त लोखंडाची हालचाल कळते. आमच्या घरातल्या तंबोऱ्याची पितळी खर्जाची तार या बासवर चढवली तर ती कितीही घुमली तरी पिकअप तिला मुकीच समजेल. आणि दर तारेला दोन खिळे आहेत ते याचसाठी, की तार झोकली जाऊन इकडे कलली तरी खाली एक चुंबक आहे, तिकडे कलली तरी एक आहे. तार किंचित बाजूने गेली म्हणून ती चुंबकाच्या राज्याबाहेर जात नाही. हे सगळं मला समजत होतं. कळणं आणि झोप लागणं यांचा मात्र एकमेकांशी संबंध नसतो.

आमच्या घरात कान असलेली व्यक्ती एकच. बायको किराणा घराण्याचं गाणं शिकलेली आहे आणि कुकरची शिट्टी कोणत्या पट्टीत होते हे तिला सांगता येतं. मी तिला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितले. एकदा तार होती तशी वाजवली, मग बोटाने पिकअपच्या मधोमध ओढून धरून वाजवली.

“फरक कळला?”

“हो.”

मी पट्टी उचललीच.

“दुसऱ्यांदा चढी लागली,” ती म्हणाली. तार ओढल्यावर ताण वाढतो, सूर चढतो. तेवढंच तिला ऐकू आलं होतं. “पण तशी पहिलीही उतरलेलीच होती. अहो, आधी ती सुरात तरी लावा.”

म्हणजे दोष ऐकू येत नव्हता, दिसत होता. कानाला नसलेली गोष्ट डोळ्याने कानात घातली होती. वाद्य घेऊन बसलं की माझी नजर पिकअपवर जायची आणि बोटं चुकायची. बोटं चुकली की मी पिकअपला दोष द्यायचो. डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर जेम्स जेमरसन यांनी उजव्या हाताच्या एकाच बोटाने आयुष्यभर बास वाजवला. तुटल्याशिवाय तार बदलायचे नाहीत म्हणे. जॅको पास्टोरियस यांनी तर आपल्या बासवरचे पडदेच उपटून काढले, खाचा बुजवल्या आणि वरून होड्यांना लावतात ते इपॉक्सी फासलं. त्यातल्या कोणी पट्टी लावून पिकअप मोजल्याचं मी वाचलेलं नाही. पण ही उदाहरणं मनाला देऊन उपयोग नसतो. मन म्हणतं, त्यांना वाजवता येत होतं, त्यांचं काय.

दुरुस्तीचा माझा पहिला विचार सरळ होता: तारा पिकअपवर चुकतायत, तर पिकअप सरकवावा. पण पिकअप लाकडात कोरलेल्या खड्ड्यात गच्च बसलेला होता. सरकवायचा तर खड्डाच रुंद करावा लागणार, आणि घरात रंधा-पटाशी आणायला बायकोची हरकत होती. दुसरा विचार, ब्रिज सरकवावा. तारा जिथे शेवटाला अडकतात ती लोखंडी पट्टी म्हणजे ब्रिज. तंबोऱ्याच्या घोडीचं आणि लंगोटाचं काम ती एकटीच करते. ती पाच स्क्रूंनी धडाला बसवलेली. स्क्रू काढायचे, जुन्या भोकांत फेव्हिकॉल लावून दातकोरण्या ठोकायच्या, वाळल्यावर छाटायच्या आणि सव्वा मिलिमीटर बाजूला नवी भोकं पाडायची. स्टेशन रोडच्या खानावळीत बडीशेपेच्या वाटीशेजारून मी दोन दिवसांत चौदा दातकोरण्या जमवल्या. मालक तिसऱ्या दिवशी डबीच उचलून आत ठेवायला लागले.

रविवारी दुपारी मी ब्रिज उचकटला. खाली लाकडाला एक बारीक भोक होतं आणि त्यातून उघड्या तारेचं एक टोक वर आलेलं होतं. पॅकिंगमध्ये राहिलेला कचरा असावा, असं वाटून मी ते वाकवून भोकातच कोंबलं. मग ड्रिल हातात घेतलं. आणि हात थांबला. पेन्सिलीने लेजरमध्ये लिहिण्यापुरता मी धाडसी आहे. लाकडातली भोकं खोडता येत नाहीत. मी ड्रिल ठेवून दिलं, ब्रिज होता तसा बसवला, तारा चढवल्या, अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला.

घरात ‘गुंऽऽ’ असा नाद भरला.

पूर्वी हा नाद नव्हता. मी तारांना हात लावला, काढला, परत लावला. गुंऽऽ. प्लग बदलला. ट्यूबलाइट बंद केली. पंखा, फ्रिज, शेवटी देवघरातला झिरोचा दिवा. गुंऽऽ. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोन क्षण उभी राहिली आणि म्हणाली, “कसला सूर धरलाय? तुमच्या त्या तिसऱ्या पडद्यापेक्षा चढा आहे.”

मला हे ऐकून जो आनंद झाला तो तिला कळण्यासारखा नव्हता. मी कागद घेतला. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, म्हणजे पन्नास हर्ट्झ. गुणगुण येते ती याची आणि याच्या पटींची. बासच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी जो ‘जी’ लागतो तो एकोणपन्नास हर्ट्झचा. म्हणजे हा सगळा खंडप्राय देश चोवीस तास एका मंद्रातल्या, जेमतेम एक हर्ट्झ चढलेल्या सुरात गुणगुणतोय, आणि माझ्या बायकोने ते फोडणी देता देता ओळखलं. अमेरिकेत वीज साठ हर्ट्झची. तिथली गुणगुण दोन शेजारच्या सुरांच्या फटीत पडते, कुठल्याच पडद्यावर बसत नाही. लिओ फेंडर यांना ती जास्त टोचत असणार.

पण आता माझ्याकडे दोन चुका झाल्या होत्या. एक दिसणारी आणि एक ऐकू येणारी. दुसरी माझी स्वतःची.

त्याच आठवड्यात बायकोचा तंबोरा जवारीसाठी मिरजेला न्यायचा होता. सांगलीहून मिरज म्हणजे चहा थंड होईपर्यंत येणारं गाव. तंबोरा तिच्या मांडीवर, बास माझ्या पाठीवर, असे आम्ही सतारमेकर गल्लीत उतरलो. या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे होतात. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे इथे दोरीला टांगून वाळतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब याच गावचे झाले, त्यांच्या आठवणीत दर्ग्याच्या उरुसात अजून गाणं होतं. अशा गल्लीत पाठीवर बास गिटार घेऊन चालताना मला मुंजीत बूट घालून पाटावर बसल्यासारखं वाटत होतं.

आमचा तंबोरा बघणारे चाचा ऐंशीच्या घरातले आहेत. त्यांनी तंबोरा आडवा घेतला, घोडीवर बारीक कानस फिरवली, फुंकर मारली, तार छेडली, परत कानस. घोडीचा माथा अगदी किंचित उताराचा असतो आणि तार त्या उतारावर घासत, निसटत, घासत बोलते. म्हणून तंबोरा नुसता वाजत नाही, झणकारतो; हीच जवारी. शेवटी तारेखाली सुती दोरा सारायचा. या दोऱ्याला जीव म्हणतात. तो नखभर पुढे गेला तर आवाज मिटतो, नखभर मागे आला तर खरखरतो, आणि मधे कुठेतरी एका जागी सगळा भोपळा उघडतो. चाचांनी ती जागा पट्टीने मोजली नाही. मान कलती करून दोरा सरकवत राहिले आणि एकाएकी थांबले. बायकोने डोळे मिटले. मी घड्याळ बघितलं. पाऊण तास झाला होता. जगात एक सूत इंचाचा आठवा भाग असतं, आणि हे दुसरं सूत मोजायलाच येत नाही.

“आणि ह्ये काय आणलंय सायेब?”

मी संकोचत बास पिशवीतून काढली. अर्ध्या सुताची हकिगत सांगितली. पिकअप, खिळे, सव्वा मिलिमीटर. चाचांनी पिकअपकडे ढुंकून बघितलं नाही. त्यांनी वाद्य उचललं, खालचं टोक गालाशी धरलं, एक डोळा मिटला आणि बंदुकीने नेम धरावा तसं मानेवरून लांब बघितलं. मग बारीक तारेवर अंगठा ठेवून ती शेवटच्या पडद्यांशी जराशी खाली ढकलली. तार मानेच्या कडेवरून सटकली.

“ही तार कडंवर चाललीय बगा. आणि हिकडं जाड तारेच्या अंगाला बोटभर रान मोकळं. तुमची ती पेटी गरीब बसलीय जागंवर. मान वाकडी हाय.”

इतके दिवस तो पुरावा माझ्या मांडीवर होता. बारीक तार कडेच्या अगदी लगत, जाड तारेला ऐसपैस जागा. मी पिकअप सोडून वाद्याकडे पाहिलंच नव्हतं. नऊने भाग जातो का, हे मी तपासलं नव्हतं.

“फळी चिकटवलेली आहे का हो?” त्यांनी विचारलं. तंबोऱ्याची मान एकदा भोपळ्याला जडली की जडली. मी पाठीमागची लोखंडी पट्टी आणि चार स्क्रू दाखवले. चाचा हसले. “मग रडताय कशाला? ढिली करा, सरळ करा, आवळा.” त्यांच्या नजरेत त्या अमेरिकन हिशेबनिसाबद्दल थोडा आदर आणि थोडी कीव दिसली. मान स्क्रूने बसवायची, म्हणजे बिघडली तर काढून दुसरी लावता येईल, ही लिओ फेंडर यांच्या कारखान्याची युक्ती. हिशेबनीसच तो, खोडायची सोय ठेवल्याशिवाय काही लिहिणार नाही.

गुणगुणीचा निकाल चाचांच्या नातवाने लावला. तो बाजूला बसून एका इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला डाग देत होता. “काका, ब्रिजखाली एक उघडी वायर होती का?” मी गप्प. “ती कचऱ्यात टाकली का?” “कोंबली,” मी म्हणालो. ती अर्थिंगची वायर. ब्रिजला आणि ब्रिजमार्फत तारांना टेकून राहायची, म्हणजे वाजवणाऱ्याचा हात तारेवर पडला की त्याच्या अंगाने गोळा केलेला विजेचा गोंगाटही तिच्या वाटेने निघून जातो. मी ती कोंबली, आणि आमच्या घराची सगळी वीज माझ्यामार्फत गाऊ लागली. दोघांनी जवारीचे पैसे घेतले, सल्ल्याचे घेतले नाहीत.

घरी येऊन मी आधी ती वायर भोकातून वर काढली आणि ब्रिजखाली पसरली. गुणगुण गेली. मग तारा थोड्या सैल केल्या, पाठीमागचे चारही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा ढिले केले. धड गुडघ्यांत धरलं. एका हाताने धड, दुसऱ्याने मान, आणि मान वरच्या अंगाला हळूच दाबली. या वेळी माझ्या स्वतःच्या गळ्याला स्पॉन्डिलायटिसचा पट्टा होता. चार किलोचं वाद्य लटकवून मान खाली घालून अर्धं सूत बघत बसल्याचं ते फळ. बायको दारात उभी होती. एक मान दुसऱ्या मानेला सरळ करतेय, हे तिने तिच्या बहिणीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं.

‘टक्’ असा आवाज झाला. मानेचं बूड आपल्या खाचेत किंचित फिरलं. इतका लहान आवाज आणि इतकं मोठं समाधान मी मार्चअखेरच्या रात्रीनंतर अनुभवलं नव्हतं. स्क्रू आवळले, तारा सुरात लावल्या, कडेवरची तार कडेपासून आत आली होती. मग पिकअपवर पट्टी ठेवली.

अर्धा मिलिमीटर उरला होता.

इथे भूमिती आडवी येते. मान फिरते बुडाशी, हलतं तिचं डोकं, आणि तारा डोक्यापासून ब्रिजपर्यंत ताणलेल्या. त्यांची लांबी चौतीस इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर, आणि पिकअप ब्रिजच्या अगदी जवळ. त्यामुळे डोकं चार मिलिमीटर सरकलं तरी पिकअपपाशी तार पाऊण मिलिमीटरही सरकत नाही. शासकीय अनुदानासारखं आहे ते. वरून चार सुटतात, खाली लाभार्थ्यापर्यंत पाऊण पोचतं. राहिलेला अर्धा मिलिमीटर ब्रिजचाच असणार. ब्रिज सरकवायचा म्हणजे परत दातकोरण्या, फेव्हिकॉल आणि ड्रिल.

बँकेत शोधून शोधून फरक सापडला नाही, आणि रात्रीचे अकरा वाजले, आणि शिपाई शटर अर्धं ओढून उभा राहिला, की त्या आकड्यासाठी एक जागा असते: सस्पेन्स खातं. फरक तिथे लिहायचा, खाली सही करायची आणि शेवटची बस पकडायची. तो आकडा तिथे राहतो. कोणी विसरत नाही, कोणी त्याच्यापायी जेवण सोडत नाही. अर्धा मिलिमीटर मी सस्पेन्सला टाकला. डायरीत तारीख लिहून ठेवली. चौदा दातकोरण्या त्या पानात खोचल्या आहेत.

ओव्हरसियर परवा आले होते. “सरळ केलंत ना?” म्हणाले आणि वाकून पाहिलं. पिकअपचे दोन तुकडे अजून पुढेमागेच होते. त्यांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सकाळी बायको रियाजाला बसते. तिचा षड्‌ज पांढरी सहा. बासची ‘ए’ची तार मोकळी छेडली की तोच सूर दोन सप्तकं खाली लागतो, हे मला योगायोगानेच सापडलं. पहिल्या दिवशी मी दाराआडून, भीतभीत, एकच टोला दिला. ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “आत या. एवढी एकच वाजवा. बाकीच्या तिन्हींना हात लावू नका.” तेव्हापासून तंबोरा, ती आणि मी असे तिघं असतो. महिना झाला, मी रोज अर्धा तास एक तार वाजवतो. ती डोळे मिटून गाते. मीही मिटतो, डावा.